शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी पुण्यातली एक खाणावळ : दोन वर्षांचा अनुभव

पुण्यात कर्वेनगरच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर एक काकू विद्यार्थ्यांसाठी खाणावळ चालवतात. माझा मुलगा गेली दोन वर्षे तिथे दोन्ही वेळा जेवतो. त्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे आणि लहानपणापासून दमाही आहे. खाणावळीचे नाव मी देत नाही, कारण ते देऊ नये असे काकूंनीच मला सांगितले. चाळीस मेंबरांपलीकडे आपल्याला स्वयंपाक झेपत नाही, आणि झेपत नसताना माणसे घेतली की नेमकी याच बाबतीत चूक होते, असे त्यांचे म्हणणे आहे. तरीही हे परीक्षण लिहिते आहे, कारण दर वर्षी आमच्यासारखी कितीतरी घरे मुलांना शिकायला पुण्याला पाठवतात आणि त्यांतल्या ज्या थोड्या मुलांना अन्नाची तीव्र ॲलर्जी असते, त्यांच्या आईवडिलांना खाणावळ निवडताना काय पाहावे हे सांगणारे कोणी भेटत नाही. आम्हालाही भेटले नव्हते.

आधी कोणत्याही खाणावळीबद्दल सांगायचे ते सांगून टाकते. दोन्ही वेळच्या जेवणाचे महिन्याला ३,६०० रुपये पडतात. दुपारी बारा ते अडीच आणि रात्री साडेसात ते साडेनऊ अशा वेळा आहेत. रविवारी दुपारी गोडाचे जेवण असते आणि संध्याकाळी सुट्टी. ताटात तीन पोळ्या किंवा दोन भाकऱ्या, एक रसभाजी, एक सुकी भाजी, आमटी, भात, कोशिंबीर आणि ताक असते. पोळ्या मऊ आणि तव्यावरून थेट ताटात येतात, आमटीला चिंचगुळाची चव नेमकी असते, आणि पालेभाजी निवडलेली, स्वच्छ धुतलेली असते. बटाटा मात्र आठवड्यातून फार वेळा येतो. मुलगा घरी आला की त्याबद्दल तक्रार करतो आणि ती रास्त आहे.

आता मुख्य गोष्ट. आपला मराठी स्वयंपाक शेंगदाण्यावर किती उभा आहे, हे ज्याच्या घरात दाणा बंद झाला आहे त्यालाच कळते. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, दोडक्यात कूट, अळूच्या फतफद्यात अख्खे दाणे, पोह्यांत दाणे, मिसळीवरच्या फरसाणात दाणे, उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि वरीच्या तांदळाबरोबर पुन्हा दाण्याचीच आमटी. अख्खा दाणा निदान डोळ्यांना दिसतो. कूट एकदा रश्शात मिसळला की तो दिसतही नाही आणि मसालेदार भाजीत चवीलाही कळत नाही. बाहेरच्या खाण्यात तर काजूच्या नावाने दाट केलेल्या रश्शात दाण्याचे वाटण असू शकते, आणि मिठाईवर पिस्त्याचे म्हणून पसरलेले हिरवे काप रंगवलेल्या शेंगदाण्याचे निघू शकतात. तेलाचे आणखी निराळे आहे. चांगले शुद्ध केलेल्या रिफाइंड तेलात दाण्यातले प्रथिन जवळजवळ उरत नाही, आणि ॲलर्जी होते ती प्रथिनाची. पण लाकडी घाण्याच्या तेलात ते उरते. आरोग्याला चांगले म्हणून आज पुष्कळ घरांत आणि खाणावळींत घाण्याचे शेंगदाणा तेल मोठ्या कौतुकाने वापरले जाते. आमच्या मुलासाठी तेच घातक आहे.

या खाणावळीची किंमत मला का कळली हे समजण्यासाठी त्याआधीच्या एका रात्रीबद्दल सांगणे भाग आहे. कॉलेजच्या पहिल्या दोन महिन्यांत मुलगा दुसऱ्या एका ठिकाणी जेवत असे. एका बुधवारी रात्री त्याने नेहमीप्रमाणे विचारले, भाजीत कूट आहे का. वाढणाऱ्या मुलाने नाही म्हणून सांगितले. तो खोटे बोलला असे मला वाटत नाही. भाजीत वरून कूट घातलेला नव्हताच. सकाळच्या भरल्या वांग्याचे उरलेले वाटण त्या भाजीला लावले होते, आणि हे वाढणाऱ्याला ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना त्याने उत्तर दिले, एवढाच त्याचा दोष.

चार घासांत मुलाचे ओठ झिणझिणू लागले आणि घसा खाजायला लागला. तो जेवण टाकून खोलीवर आला, तीन मजले जिने चढून. तोवर अंगावर गांधी उठल्या होत्या. मित्रांनी आपल्याकडे जे करतात तेच केले : पित्त उठले आहे असे समजून कोणी आमसुलाचे पाणी करून अंगाला लावले, कोणी ॲलर्जीची गोळी दिली. मग खोकला सुरू झाला, तेव्हा दमा वाढला असेल म्हणून त्याने पंप ओढला. आवाज घोगरा झाला तेव्हा कोणाला तरी हे वेगळे आहे हे जाणवले. रिक्षा खाली आली, तो तिच्याकडे जायला उठून उभा राहिला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसला. रुग्णालयात त्याच्या मांडीत ॲड्रेनालीनचे इंजेक्शन दिले गेले तेव्हा पहिल्या घासापासून जवळपास चाळीस मिनिटे झाली होती. इंजेक्शननंतर काही मिनिटांत त्याचा आवाज परत आला. बरे वाटल्यावरही काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून त्याला सकाळपर्यंत तिथेच ठेवले. आम्ही मिरजेहून रात्रीच निघालो होतो. पोहोचलो तेव्हा तो झोपला होता आणि त्याच्या हातांवर आमसुलाचे तांबूस डाग तसेच होते.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून जे समजावले, त्याच मापाने मी ही खाणावळ जोखते आहे. ॲलर्जी दाण्याची आहे हे तर आम्हाला बारा वर्षे माहीत होते. पण त्या रात्री ती इतकी का चढली, याची कारणे दाण्याच्या बाहेर होती. शाळेत असताना दोनदा त्याच्या पोटात चुकून दाणा गेला होता आणि दोन्ही वेळा फक्त ओठ सुजला होता, म्हणून आपल्या मुलाची ॲलर्जी सौम्य आहे असे आम्ही धरून चाललो होतो. हे धरून चालणेच चुकीचे होते. मागची प्रतिक्रिया सौम्य होती म्हणून पुढची सौम्य असेल असे नसते. रक्ताच्या किंवा त्वचेच्या तपासणीतला आकडाही ॲलर्जी असण्याची शक्यता सांगतो. त्रास किती तीव्र होईल हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

पहिले कारण दम्याचे. वसतिगृहात गेल्यावर मुलाने रोजचा प्रतिबंधक पंप बंद केला होता, कारण त्याला बरे वाटत होते. नियंत्रणात नसलेला दमा ही अन्नाच्या ॲलर्जीतली सर्वांत मोठी जोखीम मानली जाते. अमेरिकेत २००१ साली अन्नाच्या ॲलर्जीने झालेल्या ३२ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू शेंगदाणा आणि काजू-बदामासारख्या कठीण कवचाच्या फळांमुळे झाले होते. पुरेशी माहिती मिळालेल्यांपैकी एक सोडून सर्वांना दमा होता, बहुतेक जण किशोरवयीन किंवा नुकते तरुण झालेले होते, आणि बहुतेकांजवळ त्या वेळी ॲड्रेनालीन नव्हते. आपल्याला ॲलर्जी आहे हे मात्र त्यांतल्या जवळजवळ सर्वांना आधीच माहीत होते. हे वाक्य डॉक्टरांनी दोनदा उच्चारले आणि दुसऱ्यांदा उच्चारताना ते मुलाकडे पाहत होते. हे वय असे असते की मित्रांसमोर विचारणे नको वाटते, औषध खोलीवर राहते, आणि आईने बारा वर्षे वाचलेले पाकीट वाचायची वेळ पहिल्यांदाच स्वतःवर येते.

दुसरे कारण मला अजिबात माहीत नव्हते. त्या आठवड्यात सबमिशनसाठी तो दोन रात्री नीट झोपला नव्हता आणि त्या संध्याकाळी फुटबॉल खेळून थेट जेवायला गेला होता. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या प्रौढांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की व्यायामाने किंवा अपुऱ्या झोपेने, या दोहोंपैकी कोणत्याही एकाने, त्रास सुरू व्हायला लागणारे दाण्याचे प्रमाण सरासरी ४५ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे एरवी अंगाला जेमतेम सोसली असती तेवढी मात्रा जागरणानंतर सोसत नाही. ताप किंवा संसर्ग, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांचाही असाच हातभार लागतो. दारूचा उल्लेख डॉक्टरांनी मुलासमोर, आडपडदा न ठेवता केला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आणि तिसरे कारण, वेळ. ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेल्या २००० सालच्या एका अभ्यासात, अन्नामुळे झालेल्या प्राणघातक प्रतिक्रियांमध्ये श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ तीस मिनिटांचा होता, म्हणजे निम्म्या जणांना तेवढाही वेळ मिळाला नव्हता. आमची चाळीस मिनिटे आमसूल, गोळी, पंप आणि रिक्षा यांत गेली होती. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते. बंद होत चाललेला घसा ती उघडत नाही आणि घसरलेला रक्तदाब ती वर आणत नाही. ते काम ॲड्रेनालीनचे आहे. उठून उभे राहणेही त्या अवस्थेत घातक ठरू शकते, कारण पायांकडे साचलेले रक्त हृदयाकडे परत येत नाही. जिने चढणे आणि रिक्षाकडे चालत जाणे, दोन्ही आमच्या मुलाने केले होते.

या सगळ्यानंतर मी आणि मुलाचे बाबा नवी खाणावळ शोधायला निघालो. सात ठिकाणी गेलो. पाच ठिकाणी "काही काळजी करू नका, आम्ही दाणे बाजूला काढून देऊ" असे प्रेमाने सांगण्यात आले. माणसे भली होती. पण दाणे बाजूला काढलेल्या पोह्यांत दाण्याचा अंश राहतोच, हे त्यांना पटवायला आम्ही कमी पडलो. सहाव्या ठिकाणी स्पष्ट नकार मिळाला, आणि तो मला आधीच्या पाच होकारांपेक्षा बरा वाटला.

सातव्या ठिकाणी या काकू भेटल्या. आम्ही काही सांगण्याआधी त्यांनीच विचारायला सुरुवात केली. किती खाल्ले की त्रास होतो? वासाने होतो का? दाण्याऐवजी तीळ घातले तर चालतात का, की तिळाचीही ॲलर्जी आहे? काजू, बदाम? दम्याचा पंप रोज घेतो का? आणि मग मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "तुझे औषध कुठे असते रे, खिशात की खोलीवर?" मुलगा गप्प राहिला. "खोलीवर असेल तर तू इथे जेवू नकोस बाळा," त्या म्हणाल्या. मी तिथेच ठरवले. नंतर कळले की त्यांच्या धाकट्या दिरांना एका लग्नाच्या जेवणात कोळंबीने असाच त्रास झाला होता आणि तेव्हाही घरातल्या बायका आमसूलच शोधत होत्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात मी एक सकाळ उभी राहिले, त्यांच्या परवानगीने. दाण्याचा कूट एका स्टीलच्या डब्यात असतो आणि त्याच्या झाकणाभोवती विजेच्या तारांना लावतात ती तांबडी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. डबा फडताळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात असतो, म्हणजे काढताना सांडला तरी खालच्या कोणत्याही भांड्यात पडत नाही. डब्यातला चमचा डब्याबाहेर निघतो तो थेट मोरीत जातो. कूट करायचे मिक्सरचे भांडे निराळे आहे. पात्याखालच्या रबरी चकतीत कूट अडकून राहतो आणि कितीही धुतले तरी निघत नाही, हे मी स्वतः दहा वर्षांनी शिकले होते, काकूंना ते आधीच माहीत होते. मुलाची छोटी कढई, झारा आणि डाव निराळे आहेत आणि त्यांच्या दांड्यांना निळी पट्टी आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रम. मुलाची भाजी आणि कोशिंबीर सकाळी सर्वांत आधी होते, डब्यात भरून झाकली जाते, आणि त्यानंतरच दाणे भाजायला घेतात. कूट वातावरणात उडायच्या आधी त्याचे अन्न बंद झालेले असते. एवढ्या एका क्रमाने अर्धी जोखीम टळते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

हात धुण्याबद्दलही त्या काटेकोर आहेत. मदतनीस मावशींना आधी सॅनिटायझर लावायची सवय होती. जंतू मरतील, पण दाण्याचे प्रथिन हातावर तसेच राहील, ते साबण-पाण्यानेच जाते, हे मी सांगितल्यावर काकूंनी ती बाटली त्या दिवशीच बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. मुलाला वाढतात त्या स्वतः किंवा थोरल्या मावशी. तिसरे कोणीही नाही.

उपासाचे दिवस सर्वांत कठीण. आषाढी एकादशीला किंवा महाशिवरात्रीला त्या स्वयंपाकघरात किलोकिलोने कूट होतो. डॉक्टरांच्या मते नुसत्या वासाने तीव्र प्रतिक्रिया सहसा होत नाही, पोटात जाण्याने होते. पण अशा दिवशी प्रत्येक ओट्यावर, प्रत्येक फडक्यावर कूट असतो. म्हणून काकू आदल्या रात्रीच त्याला सांगतात : "उद्या तुझा डबा आठ वाजता तयार असेल. आत येऊ नकोस, खिडकीतून घे." त्या डब्यात त्याच्यासाठी रताळ्याचा कीस असतो, खोबरे घातलेला. एरवी कोशिंबिरीत त्याला कुटाऐवजी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा चुरा किंवा डाळ्याचे पीठ मिळते. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला असला तरी त्याला हरभरा आणि तूर चालते, हे तपासून घेतलेले आहे. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत ते गृहीत धरू नये, आधी डॉक्टरांना विचारावे.

या खाणावळीतली मला सर्वांत विश्वासाची वाटणारी गोष्ट म्हणजे काकूंचे "माहीत नाही". फरसाण, बेकरीची नानकटाई, कोणाच्या वाढदिवसाचा केक, गावाहून आलेली चटणी, यांबद्दल विचारले की त्या म्हणतात, "मी केलेले नाही, मला माहीत नाही, म्हणून तुला नाही." बंद पाकिटातला माल असेल तर रिकामे पाकीट तो माल संपेपर्यंत फेकत नाहीत. भारतात २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार पाकिटावर शेंगदाणा, कठीण कवचाची फळे, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्ये आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट यांची नोंद ॲलर्जीच्या संदर्भात वेगळी द्यावी लागते. तीळ त्या यादीत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली नताशा एडनन-लापेरूझ या पंधरा वर्षांच्या मुलीचा पाकीटबंद बगेटमधल्या (लांबट पावातल्या), लेबलवर न लिहिलेल्या तिळाने मृत्यू झाला आणि त्यानंतर २०२१ पासून तिथे दुकानातच पाकीटबंद केलेल्या खाण्यावरही पूर्ण यादी बंधनकारक झाली. आपल्याकडे छोट्या खाणावळीच्या ताटाला लेबल नसते. तिथे लेबलाचे काम वाढणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाने होते, आणि म्हणून "माहीत नाही" म्हणता येणारा माणूस वाढायला असणे मला कागदावरच्या यादीहून मोलाचे वाटते.

चूक इथेही एकदा झाली आणि ती लपवून हे परीक्षण लिहिणे बरोबर नाही. गेल्या वर्षी नवीन आलेल्या एका मदतनीस बाईंनी घाईत कुटाचा चमचा निळ्या पट्टीच्या भांड्यात घातला. थोरल्या मावशींनी पाहिले, काकूंना सांगितले, आणि काकूंनी ती कोशिंबीर टाकून दिली, भांडे बाजूला काढले, मुलाला त्या दिवशी वरणभात आणि तूप वाढले. दुपारी तीन वाजता त्यांनी मला मिरजेला फोन करून हे सांगितले. मुलाला काहीही झालेले नव्हते. त्यांनी सांगितले नसते तर आम्हाला कधीच कळले नसते. तेव्हापासून नवीन बाईंनी पहिले पंधरा दिवस फक्त पोळ्या लाटायच्या असा त्यांनी नियम केला आहे.

औषधाबद्दल थोडे. आपोआप टोचणारे ॲड्रेनालीनचे पेन आपल्याकडे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परदेशातून दोन पेने मागवली. दोन यासाठी, की एकाने पाच-दहा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरे द्यावे लागते. दोन्ही मुलाच्या कमरेच्या पिशवीत असतात. पेन फ्रीजमध्ये ठेवायचे नसते आणि उन्हातही नाही. एप्रिलमधल्या पुण्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या पेनाचा भरवसा धरता येत नाही. ज्यांना पेन मिळत नाही त्यांनी साध्या ॲम्प्यूलची (औषधाच्या काचेच्या कुपीची) आणि सिरिंजची सोय, मात्रा आणि टोचण्याची पद्धत आपल्या डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. ते औषध स्वस्त आहे.

सरावाच्या बिनसुईच्या पेनाने काकू, दोन्ही मावशी आणि मुलाचे तीन मित्र शिकले. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, पँटवरून टोचायचे. मग त्याला आडवे करून पाय वर घ्यायचे. श्वास घ्यायला त्रास असेल तर पाय लांब करून बसवायचे, पण उभे करायचे नाही. नंतर १०८ ला फोन. काकूंनी हा क्रम स्वतःच्या शब्दांत कागदावर लिहून ओट्याच्या वर लावला आहे. पहिली ओळ अशी आहे : "आधी सुई, मग फोन, आमसूल नाही."

परीक्षेच्या दिवसांत त्या मुलाचा चेहरा पाहतात. रात्रभर जागून आलेला दिसला, ताप असला, किंवा खोकत असला तर त्या दिवशी त्याला मोकळ्या भाजीऐवजी फक्त झाकून ठेवलेल्या डब्यातलेच देतात आणि पंप घेतलास का हे सर्वांसमोर विचारतात. सुरुवातीला मुलाला ते लाजिरवाणे वाटे. आता त्याच्याच टेबलावरची मुले त्याच्या आधी उत्तर देतात.

उणिवा आहेत. आठ वाजता भरलेला डबा दुपारी एकपर्यंत गार होतो आणि गरम करण्याची सोय नाही. बिनकुटाची कोशिंबीर खरे सांगायचे तर बेचव लागते. रविवारची संध्याकाळ सुट्टीची असल्याने नेमके सर्व मित्र बाहेर खायला जातात तेव्हाच आमच्या मुलाला सुरक्षित जेवण नसते. आम्ही त्याला त्या वेळेसाठी खोलीवर खिचडी शिजवायला शिकवले आहे. आणि सगळी व्यवस्था एका बाईंच्या लक्षावर उभी आहे. गेल्या मे महिन्यात त्या दहा दिवस मुलीकडे गेल्या, तेव्हा जाण्याआधी त्यांनी मला स्पष्ट सांगितले की मागे स्वयंपाक करणाऱ्या बाईंची त्या हमी देऊ शकत नाहीत. ते दहा दिवस मी पुण्यात राहून स्वयंपाक केला. ही अडचण खरी आहे आणि प्रत्येक आईला ते शक्य होणार नाही, हे मी जाणते.

यंदा मुलगा तिसऱ्या वर्षाला गेला. जुलैचे पैसे द्यायला मी गेले तेव्हा काकूंनी पैसे मोजायच्या आधी विचारले, पेनांची मुदत कधी संपते. नोव्हेंबरात, मी म्हणाले. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर खिळ्यावरून काढले, नोव्हेंबरचे पान उघडले आणि दुधाच्या हिशेबाच्या शेजारी मुलाचे नाव आणि "दोन पेने" असे लिहून ते पुन्हा खिळ्याला लावले.